नागपूर कोसळलंय, आणि आजी म्हणते, "लाईन येईल सहा वाजता"

प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही धागा लागेल. विचारणारी मुलगी नागपूरचीच आहे, फाइन आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाला. सात मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म करतेय. साल २०७०. शहर कोसळलंय, वीज (आमच्याकडे तिला "लाईन" म्हणतात) नाही, पाणी नाही, बहुतेक लोक निघून गेलेत. मागे राहिल्यात एक आजी आणि तिची नात. आजीला विसर पडत चाललाय. शेवटी ती नातीलाही विसरते आणि शहर धुळीत मिळतं. आठ महिन्यांत साठेक चित्रं झाली, स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार चित्रांचा आराखडा, दोनदा झाला, पण दाखवलं की जो तो म्हणतो, "छान आहे, पण कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं." तिला विचारायचंय की २डी सोडून ३डीत जावं का, आणि आठवणी पिवळट-धूसर न करता वेगळ्या कशा दाखवाव्या.

तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

३डीत जाऊ नकोस. पडक्या इमारती, गंजलेल्या गाड्या, वेली चढलेले खांब हे सगळं ३डीत तयार मिळतं, आणि सगळे तिथूनच उचलतात. "कुठंतरी पाहिलंय" ही तक्रार तिथं दुप्पट होईल. तुझी अडचण तंत्राची नाहीच मुळी. आजीची स्मृती जाणं आणि शहर जाणं, ही दोन्ही तुझ्या मनात "पुसलं जाणं" या एकाच शब्दात बसलीत. म्हणून दोन्ही सारखीच दिसतात. इकडेही धूळ, तिकडेही धूळ. विसरण्याला क्रम असतो आणि कोसळण्यालाही असतो. आधी काय जातं, मग काय, सगळ्यात शेवटपर्यंत काय तग धरतं, हे ठरवलं नाहीस तर साठ काय, सहाशे चित्रं काढलीस तरी ती नुसती वातावरणाची चित्रं होतील.

मी या कामात २३ वर्षं आहे. सुरुवात मुंबईत जाहिरातींच्या स्टुडिओत, नंतर नागपूरला परत येऊन घराच्या वरच्या खोलीत. खाली जे लिहितेय त्यातलं बरंच तुझ्याकडे किती महिने आहेत, मदतीला कोण आहे आणि तुझा हात कशात बसलाय यावर अवलंबून आहे. पण विसरण्याच्या क्रमाचं जे सांगणार आहे, ते कशावर अवलंबून नाही. ते मी घरात पाहिलंय.

माझ्या सासूबाई शेवटची चार वर्षं आमच्याकडे होत्या, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. सकाळी उठल्या की पहिला प्रश्न, "बंबात जळण घातलं का?" बाथरूममध्ये गीझर होता. तो त्यांनीच हौसेनं बसवून घेतला होता, दहा-बारा वर्षं वापरला होता. पण गीझर गेला आणि बंब राहिला. दुपारी पलंगावर बसून त्या चादर निवडायच्या. चादरीवर बारीक काळ्या ठिपक्यांची नक्षी होती. त्यांना ते खडे वाटायचे. उजव्या हाताच्या दोन बोटांनी एकेक ठिपका उचलायचा, डाव्या तळहातावर ठेवायचा, मूठ भरली की पलंगाखाली टाकायची. हात पक्के तांदूळ निवडणाऱ्या बाईचे. न थरथरता, न चुकता, तासभर. तोवर त्यांना स्वतःच्या मुलाचं नाव सांगता येत नव्हतं.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्ये हेच मांडलं होतं. स्मृती जाते तेव्हा अलीकडचं आधी जातं, जुनं मागून जातं आणि सवयीचं, हातांतलं, सगळ्यात उशिरा. पुढं संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. म्हाताऱ्या माणसांना आयुष्य आठवायला सांगितलं की साधारण १० ते ३० वर्षं वयातल्या आठवणी सर्वांत जास्त येतात. प्रत्येक माणूस या रेघेत चालत नाही, आजारानुसार फरक पडतो. पण फिल्मला पाया म्हणून हे पुरतं.

आता वही घे आणि बेरीज-वजाबाकी कर. तुझी फिल्म २०७० ची. आजी ७५ वर्षांची धरली तर तिचा जन्म १९९५ चा. म्हणजे तिचे ते १० ते ३० वयाचे दिवस २००५ ते २०२५. आणि तू तिला नऊवारी नेसवून जात्यावर बसवलंयस! अगं, ती तुझी आजी नाही, तुझ्या आजीची आजी आहे. तुझ्या फिल्ममधली म्हातारी म्हणजे जवळपास तूच आहेस. तिच्या बालपणात केबल टीव्ही आहे, शाळेची रिक्षा आहे, ताईची स्कूटी आहे, पहिला बटणांचा मोबाईल आहे. आणि लोडशेडिंग आहे. २००५ नंतरची ती काही वर्षं आठवतात का घरच्यांना विचार. आमच्या अंगणातून कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या आणि काटोलकडच्या नातेवाइकांकडे लाईन तासन्‌तास गेलेली असायची. वेळापत्रक पेपरात यायचं. मुलं त्यानुसार अभ्यासाला बसायची.

या एका वजाबाकीनं तुझी गोष्ट हलते, बघ. शहरात कायमचा अंधार आहे, नातीला ते माहीत आहे. पण आजीच्या डोक्यातली शेवटची वर्षं गळून पडलीत. तिच्या लेखी शहर कोसळलेलंच नाही. ती खिडकीशी बसून म्हणते, "लोडशेडिंग आहे, येईल सहा वाजता." सहा वाजतात. ती उठते, बादली घेते आणि कुलरमध्ये पाणी भरते.

नागपूरच्या माणसाला कुलर समजावून सांगायची गरज नाही. मे महिन्यात ४५ अंशांत खिडकीबाहेर स्टँडवर ठेवलेला तो पत्र्याचा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या नाहीतर गवताच्या ताट्या, तळाशी टाकी. संध्याकाळी त्यात पाणी भरणं हे घरातल्या लहान पोरांचं काम. तुझ्या आजीनं लहानपणी ते हजारदा केलं असणार. ही तिची चादर निवडणं आहे. हातांना आठवतंय. आणि तेच पाणी नात दूरवरच्या विहिरीवरून डोक्यावर आणते आहे. आता आजीला विसर पडलाय हे सांगायला तुला एकही धूसर फ्रेम लागत नाही. बादली कुलरमध्ये रिकामी होतेय आणि नात दारात उभी आहे, एवढं पुरे.

नातीला विसरणं हेही मग बदलतं. सहसा माणसं कोऱ्या नजरेनं बघून "तू कोण" म्हणत नाहीत, निदान आधीच्या टप्प्यांत तरी. ती समोरच्याला कुणीतरी दुसरं समजतात. सासूबाई माझ्या मुलीला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारायच्या, आणि दटावायच्याही. तुझी आजी नातीला आपली बहीण समजून म्हणू दे, "गृहपाठ झाला का? लाईन आल्यावर टीव्हीसमोर बसशील, माहीत आहे मला." नात काही दिवस दुरुस्त करते. मग एक दिवस म्हणते, "झाला." ज्या क्षणी ती खोटं बोलते, तिथं तुझी फिल्म वळते.

आता शहराकडे. कोसळणं म्हणजे स्फोट, आग, भेगा असं तुझ्या चित्रांत आहे. जोसेफ टेंटर या अभ्यासकाचं १९८८ चं पुस्तक याच विषयावर आहे. त्यातली मध्यवर्ती गोष्ट साधी आहे: समाज गुंतागुंतीचा होत जातो, ती गुंतागुंत सांभाळायचा खर्च वाढत जातो, आणि एका टप्प्यानंतर खर्चाच्या मानानं हाती काही पडत नाही. मग समाज सोपा होतो. "सोपा होतो" हा शब्द मला फार भीतीदायक वाटतो. त्यात किंकाळी नाही.

आपल्याकडे याचं चित्र काढायलाही सोपं असं उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव. आधीच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरं, सुबक रंगवलेली भांडी. वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत लहान गोल झोपड्या, ओबडधोबड भांडी. इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली. मला त्यातली गोल झोपडी पकडून ठेवते. चौकोनी घर बांधणाऱ्याच्या नातवानं गोल झोपडी बांधली. तो रडत बसला नसेल. त्याला तेच घर वाटलं असेल. तुझी नात ही त्या गोल झोपडीतली मुलगी आहे. तिला लाईन कधी माहीतच नाही. मग दुःख कुणाचं? आजीला वाटत नाही कारण ती विसरली, नातीला वाटत नाही कारण तिनं पाहिलं नाही. उरतो प्रेक्षक. सगळं नुकसान फक्त त्याला दिसतं. हे तुझ्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार आहे. सतारीचं करुण संगीत वाजवून ते बोथट करू नकोस.

आणि धुळीत मिळण्याचं म्हणशील तर शहरं तशी मिळत नाहीत. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आपलं रामटेकजवळचं नगरधन. राजधानी गेली, गाव आहे. शेतं नांगरली जातात. कुणीतरी उरतंच, आणि त्याला संध्याकाळी काहीतरी खायला लागतं.

शहराच्या जाण्याचा क्रम लावताना मी एक प्रश्न विचारते: या वस्तूला चालू राहायला किती अनोळखी माणसांनी रोज कामावर यावं लागतं? ज्याला जास्त, ते आधी जाणार. मोबाईलचा टॉवर, लिफ्ट, एटीएम पहिल्या फटक्यात. नळाचं बघ. नागपूरला पाणी येतं ते पेंच आणि कन्हानचं. शुद्धीकरण आणि पंपिंग दोन्ही विजेवर. म्हणजे दिवा जाणं आणि नळ जाणं ही तुझ्या स्टोरीबोर्डवर दोन वेगळी संकटं आहेत, ती खरं तर एकच आहे, फक्त दोन-चार दिवसांच्या अंतरानं. मग टँकर, डिझेल असेतो. मग विहीर. जुन्या वस्त्यांत विहिरी आहेत अजून, जाळी टाकलेल्या, निर्माल्य आणि प्लास्टिकनं भरलेल्या. तेव्हा नात डोक्यावर पाणी आणते ती विहीर कुणीतरी उपसली असणार. कुणी? हे फिल्ममध्ये सांगू नकोस, पण तुला माहीत पाहिजे.

शब्द मात्र वस्तूंपेक्षा चिवट. नुकतीच मारबत निघाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक; गर्दीत होतीस की नाही ठाऊक नाही. काळी आणि पिवळी मारबत सव्वाशेहून अधिक वर्षं निघते आहे. बडगे, म्हणजे सोबतचे पुतळे, दर वर्षी बदलतात, त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवरची गाऱ्हाणी बदलतात, पण आरोळी तीच, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत." २०७० मध्ये मिरवणूक नसेल, पण दोन-तीन पोरं रिकाम्या रस्त्यावर जुनं टायर पळवत हेच ओरडत जातील, अर्थ न कळता. असा एक शॉट, चार सेकंदांचा, समाज कोसळल्याच्या पन्नास चित्रांपेक्षा जास्त बोलेल. झिरो माईलचा मोडलेला स्तंभ मात्र काढून टाक, हात जोडते. नागपूरचा नाश दाखवणारा प्रत्येक विद्यार्थी पहिल्यांदा तो स्तंभ मोडतो. मी आजवर सहा मोडलेले पाहिलेत.

इथवर दोन गोष्टी ठरल्या. आजी नवं आधी विसरते आणि तिचे हात कुलर भरत राहतात. शहरातलं जास्त माणसांवर चालणारं आधी बंद पडतं. आता चित्रांकडे.

आठवण धूसर दाखवायची सवय आपल्याला सिनेमानं लावली. पण विसरणाऱ्या माणसाला भोक दिसत नाही. मन ते भोक लगेच भरून टाकतं आणि भरलेलं खरंच वाटतं. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिलं होतं की आठवणं म्हणजे कपाटातून काढणं नाही, दर वेळी नव्यानं बांधणं आहे. म्हणून आजीच्या नजरेतल्या फ्रेम्स तू सगळ्यात स्पष्ट, सगळ्यात भरभरून काढ. रेघ ठाम, रंग पूर्ण. फाटकं, उणं दिसू दे ते नातीच्या नजरेतून. तुझ्या स्टोरीबोर्डवर हे बरोबर उलटं आहे.

यासाठी मी विद्यार्थ्यांकडून एक गोष्ट करून घेते. आपल्या आजोळचं स्वयंपाकघर आठवणीनं काढायचं. चित्र पाकिटात बंद. आठवड्यानं पुन्हा काढायचं, पहिलं न बघता. आणखी आठवड्यानं तिसऱ्यांदा. मग तिन्ही कागद लाईटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड असलेल्या काचेवर, एकावर एक ठेवायचे. खिडकी सरकलेली असते. मांडणीवरचे डबे पाचाचे सात होतात. पण एखादी गोष्ट, म्हणजे समजा पाण्याच्या माठावरचं झाकण, तिन्हींत रेघेला रेघ जुळते. गेल्या वर्षी एका मुलाच्या तिन्ही चित्रांत दाराची कडी तंतोतंत एकाच जागी होती. बाकी सगळं घर हललेलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तिला माझा हात पुरत नव्हता." सरकलेल्या वस्तू आणि न सरकलेली कडी, दोन्ही तू फिल्ममध्ये वापरू शकतेस. आजीची तीच खोली तीनदा येऊ दे, दर वेळी नव्यानं काढलेली, ट्रेस न केलेली. कुलर मात्र तिन्हींत तसूभर हलायचा नाही. प्रेक्षकाला का ते कळणार नाही, पण त्याचा डोळा कुलरवर विसावेल.

कोळशानं करावं का, असं तू शेवटी ओझरतं विचारलंयस. दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज १९८९ पासून त्या पद्धतीनं काम करत आलेत. एकाच कागदावर कोळशानं काढायचं, फ्रेम टिपायची, थोडं पुसायचं, पुढचं काढायचं, पुन्हा फ्रेम. पुसलेल्याचा डाग कागदावर राहतो आणि तो डागच फिल्मचा भाग होतो. तुझ्या विषयाला ही पद्धत इतकी नेमकी बसते की मोह होणारच. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या घरी छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ राहिली होती. दोनदा रंग दिला तिनं. पावसाळ्यात भिंत ओलावली की ती रेघ अजून वर येते. कोळसा तसाच वागतो.

पण सात मिनिटं कोळशात करू नकोस. त्यात मागं जाता येत नाही. चुकलं की शॉट पहिल्यापासून. मी एकदा मे महिन्यात उन्हाळ्यावरचीच एक फिल्म कोळशात करत होते. वरची खोली तापलेली, म्हणून कुलर लावला. कुलरच्या ओल्या हवेनं कागद हळूहळू फुगला, कडा पट्टीखालून उचलल्या. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कळलं नाही. रात्री चालवून पाहिलं तर सगळी खोली श्वास घेत होती. अकरा सेकंद गेले, म्हणजे १३२ वेळा काढलेलं-पुसलेलं. तेव्हापासून कुलर बंद, पंखाही बंद, ओला टॉवेल मानेवर आणि पहाटे पाच ते नऊ एवढंच काम. खिडक्या काळ्या कागदानं बंद कर, दिवसाचा उजेड फ्रेमगणिक बदलतो. साध्या दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेव, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची. वेगळं ठेवलंस तर चित्र लुकलुकतं. दुपारी व्होल्टेज पडलं की तेही फ्रेममध्ये दिसतं.

माझ्या मते कोळसा चाळीस सेकंदांपुरता ठेव, शहराच्या जाण्याच्या एकाच शॉटसाठी: खिडकीतून दिसणारा तोच रस्ता, त्यावरची एकेक गोष्ट पुसली जाते आणि डाग राहतो. बाकी सगळं डिजिटल २डी. क्रिटा, ओपनटून्झ, ब्लेंडरमधली ग्रीस पेन्सिल, तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. ज्यात तुझा हात चालतो ते घे. जर ब्लेंडर आधीपासून सवयीचं असेल तर एकुलती एक खोली ३डीत साधी बांधून तिच्यावर रेघा काढता येतील, म्हणजे कॅमेरा फिरवताना पार्श्वभूमी पुन्हा पुन्हा काढावी लागणार नाही. सवय नसेल तर या वर्षी शिकायला जाऊ नकोस.

आणि लांबी. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद, सेकंदाला २४ च्या हिशेबानं १०,०८० फ्रेम्स. एक चित्र दोन फ्रेम्स धरलं तरी ५,०४० चित्रं. साफ रेघेची दिवसाला २५ होतात, मी घाईत असले तरी. म्हणजे २०० दिवस, आजारी न पडता, घरात लग्न न निघता. साडेचार मिनिटांवर आण. ३,२४० चित्रं. त्यातला तिसरा हिस्सा थांबलेल्या चित्रांचा आणि पुन्हा वापरता येणाऱ्या हालचालींचा ठेवलास तर २,१०० च्या आसपास, पंच्याऐंशी-नव्वद दिवस. आजी खिडकीशी बसलीये, फक्त पदर हलतोय, असा शॉट कामही वाचवतो आणि गोष्टीलाही हवा असतो. जपानच्या कुनियो कातो यांची २००८ ची ऑस्कर मिळालेली छोटी फिल्म तू पाहिली असशीलच: पाणी चढत जातं, म्हातारा घरावर मजला चढवत जातो. पाणी का चढतंय ते कुणी सांगत नाही. साधारण बारा मिनिटांत एकच गोष्ट बदलत राहते. तुझ्याकडे तर बारा मिनिटंही नाहीत.

शेवटाबद्दल तू विचारलं नाहीस, पण धुळीचा शेवट मला पटत नाही म्हणून माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. विहीर आटते. नात रिकामी कळशी घेऊन येते. मग तिचं लक्ष कुलरकडे जातं. रोज संध्याकाळी ओतलेलं पाणी ताट्यांवर चढलंच नाही, कारण मोटर कधी चाललीच नाही. थोडं उडून गेलं असेल, बाकी टाकीत आहे. अळ्या झालेलं. नात ओढणीची चौपदरी घडी करते आणि गाळून घ्यायला लागते. आजी मागून येते आणि चिडते, "काढून काय राहिलीस गं? लाईन आल्यावर गरम हवा फेकंल ना तो!" यात आजी शहाणी ठरत नाही, तसं ठरवूही नकोस. तिला काही कळलेलं नाही. पाणी आहे, एवढंच. पुढं काय करायचं ते तुझं तू बघ. फिल्म तुझी आहे, आणि तुला याहून बरं सुचलं तर माझं खुशाल फेकून दे.

चित्रांना हात लावण्याआधी अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार लावलेली कच्ची फिल्म, कर, आणि अ‍ॅनिमॅटिकच्याही आधी आवाज. ही फिल्म आवाजावर उभी आहे. पहिले वीस सेकंद पडदा काळा ठेव आणि नुसता कुलर चालू दे: पंख्याची घरघर, पंपाची गुळगुळ, ताटीवरून टाकीत ठिबकणारं पाणी. मग तो बंद होऊ दे, आणि त्यानंतर चित्र. मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावणारी माणसं माझ्या लहानपणी घरात होती. एम्प्रेस मिलच्या जागी आता त्याच नावाचा मॉल आहे, पण भोंगा कुणी टेप करून ठेवला असेल असं वाटत नाही. कुलरचं तसं होऊ देऊ नकोस. मोबाईलवर चालेल, पण वेव्ह फाईल, ४८ किलोहर्ट्‌झ. वाऱ्याच्या झोतासमोर नाही, बाजूला धर. सलग तीन मिनिटं, कुणी न बोलता. पत्र्याचा आणि प्लास्टिकचा दोन्ही घे, सूर वेगळे लागतात. मग बंद करतानाचा आवाज वेगळा, पंखा पूर्ण थांबेपर्यंत. आणि त्यानंतरच्या रिकाम्या खोलीचा एक मिनिट.

हे मात्र याच आठवड्यात कर. सप्टेंबर लागलाय. दसऱ्याच्या साफसफाईत लोक ताट्या काढून कुलर गच्चीवर टाकतात, मग मार्चपर्यंत तुला चालता कुलर मिळायचा नाही.